महिनाभराचं बिऱ्हाड

राजापुरात हमिंगबर्ड नाही. रत्नागिरी जिल्ह्यात नाही, महाराष्ट्रात नाही, अख्ख्या भारतात नाही. तरीही दर पावसाळ्यात कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सअॅप गटावर कुणीतरी कौतुकानं टाकतंच, की आमच्या पडवीत हमिंगबर्डनं घरटं केलंय. सोबत व्हिडिओ असतो. मीटरच्या वायरीला लोंबणारी मळकट पिशवी, तिच्या दारातून बाहेर आलेली बाकदार चोच आणि मागे घरातल्यांची कुजबुज. पक्षी खरा असतो, घरटंही खरं असतं, फक्त नाव परमुलखातलं असतं. तो असतो शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी. आणि तिन्हीसांजेला फुलासमोर हवेत तरंगणारा, पंख दिसू नयेत इतक्या वेगानं फडफडवणारा 'हमिंगबर्ड' तर पक्षीही नसतो. तो हॉक मॉथ कुळातला पतंग असतो.

हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या आज अमेरिकेच्या दोन्ही खंडांत आणि लगतच्या बेटांवर राहतात. फार पूर्वी मात्र त्यांचे पूर्वज युरोपातही होते. जर्मनीत सापडलेल्या, तीन कोटी वर्षांहून जुन्या जीवाश्मांचं वर्णन गेराल्ड मायर या शास्त्रज्ञानं २००४ मध्ये प्रसिद्ध केलं, तेव्हा पक्षिशास्त्रज्ञांत खळबळ उडाली होती. पुढे जुन्या जगातून हे पक्षी नाहीसे झाले. इकडे फुलांतला मध पिण्याचं काम आफ्रिका आणि आशियात शिंजिरांनी उचललं.

कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना खरा हमिंगबर्ड दारात बघायला मिळतो. तिथला ॲनाज हमिंगबर्ड ऐन थंडीत, डिसेंबरपासूनच, घरट्याला लागतो आणि पोर्चमधला दिवा, सजावटीच्या दिव्यांची माळ किंवा टांगलेली कुंडी त्याला चालते. मग तिथल्या घरात जो प्रश्न पडतो तोच इथेही पडतो. याच्यासाठी आपण काही करू शकतो का? आडोसा करून द्यावा का, खोका टांगावा का, साखरपाणी ठेवावं का? प्रश्न दोन्हीकडे सारखा आहे आणि उत्तरही पुष्कळसं सारखं आहे. याला घर बांधून द्यायचं नसतं. घर बांधायला लागणारा माल, पावसापासून आडोसा आणि महिनाभराची सवड एवढंच द्यायचं असतं. कोकणातलं जुनं घर या तिन्ही गोष्टी नकळत देत होतं. नव्या घरात त्या ठरवून द्याव्या लागणार आहेत.

दोन कारागीर, एकच धागा

हमिंगबर्ड आणि शिंजीर एकमेकांचे नातलग नाहीत. शिंजीर हा चिमणी-बुलबुलांच्या मोठ्या गणातला, फांदीवर बसून चोच फुलात घालणारा पक्षी. तो फुलासमोर क्षणभर तरंगतो, पण तो त्याचा जोर नव्हे. हमिंगबर्ड मात्र हवेत एका जागी थांबूनच मध पितो, मागेही उडतो. दोघांची चोच लांब, जीभ नळीसारखी आणि नराचा पिसारा धातूसारखा चमकणारा, हे साम्य एकाच धंद्यात पडल्यामुळे.

पण घरट्याच्या बाबतीत दोघांनी पृथ्वीच्या दोन टोकांना एकच माल निवडला. तो म्हणजे कोळ्याचं जाळं. हमिंगबर्डची मादी कापसासारखे तंतू कोळ्याच्या धाग्यानं बांधून छोटी उघडी वाटी करते आणि वरून दगडफुलाचे कपचे चिकटवते. पिल्लं वाढतात तशी ही वाटी ताणली जाते, कारण धागा लवचीक असतो. शिंजिराची मादीही तोच धागा वापरते, पण वाटीऐवजी बंद पिशवी विणते आणि दारावर छज्जा काढते. आपल्याकडच्या पावसात उघडी वाटी किती टिकली असती, याचा विचार केला की या छज्ज्याचं मोल कळतं.

राजापूर तालुक्यात कोकणाची सगळी रूपं एका ओळीत सापडतात. पश्चिमेला जैतापूरची खाडी, नाटे, आंबोळगड. मधे जांभ्याचे उघडे सडे आणि आंब्या-काजूच्या बागा. पूर्वेला पाचल-रायपाटणच्या पलीकडे अणुस्कुरा घाट चढत कोल्हापूरकडे जातो. शिंजिरांच्या जातीही या ओळीवर बदलत जातात. घराच्या अंगणात भेटतो तो बहुधा जांभळ्या पाठीचा शिंजीर. जेमतेम १० सेंटीमीटर लांबीचा हा पक्षी. नराचं पोट पिवळं, छातीवर गडद पट्टा, डोक्यावर हिरवी चकाकी. मादी वरून मातकट राखाडी, खाली फिकट पिवळी. दुसरा जांभळा शिंजीर. त्याचा नर विणीच्या काळात दुरून काळा दिसतो आणि ऊन पडलं की निळा-जांभळा पेटतो. तिसरा लांब चोचीचा, त्याच्या चोचीचा बाक चटकन ओळखू येतो. घाटाच्या अंगाला झाडी दाट होते तसा छोटा शिंजीर दिसू लागतो. तो सह्याद्रीबाहेर कुठेच सापडत नाही. आणि नशीब असेल तर लाल छातीचा विगर्सचा शिंजीर, तोही पश्चिम घाटाचाच रहिवासी.

या शेवटच्या दोघांना शास्त्रीय नावं दिली ती कर्नल विल्यम हेन्री साईक्स यांनी, १८३२ मध्ये. ईस्ट इंडिया कंपनीचा हा अधिकारी दख्खनची पाहणी करताना पक्षीही नोंदवत होता. दक्षिण कोकणची स्वतःची पक्षियादी व्हायला आणखी जवळजवळ पन्नास वर्षं जावी लागली. जी. डब्ल्यू. विडाल या सनदी अधिकाऱ्यानं ती केली आणि ॲलन ह्यूम यांच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात १८८० मध्ये ती छापून आली. त्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा दहावा खंडही निघाला. म्हणजे आपल्या अंगणातल्या पक्ष्यांची लिखित नोंद दीडशे वर्षांपूर्वीपासूनची आहे, आणि ते पक्षी मात्र त्याच्याही आधीपासून आपल्या वाशांखाली वावरत होते.

पिशवी कशी विणली जाते

घरटं बांधायचं काम मादीचं. नर आसपास असतो, अधूनमधून येऊन चोच मारून जातो, गातो, दुसऱ्या नराला हुसकावतो. पण धागा आणणं, बांधणं, आकार देणं हे तिचं. ती आधी जागा हेरते. खाली लोंबणारं, बारीक, हलणारं आणि टोकाला मोकळं असं काहीतरी तिला हवं असतं. जंगलात ती फांदीची शेंडी निवडते. घरात तिला कपडे वाळत घालायच्या दोरीचं सुटलेलं टोक, होल्डरची वायर, टांगलेल्या कुंडीची तार, मांडवाच्या बांबूला राहून गेलेला सुंभाचा तुकडा किंवा गेल्या सणाच्या तोरणाचा उरलेला दोरा चालतो.

मग कोळिष्टकांच्या फेऱ्या सुरू होतात. ती आढ्याच्या कोपऱ्यातून, चिऱ्यांच्या सांध्यांतून, कुंपणाच्या झुडपांतून चोचीला जाळं गुंडाळून आणते आणि त्या टोकाभोवती वेटोळी घालते. त्या चिकट धाग्यात गवताचे तंतू, सुकलेल्या पानांचे तुकडे, सालीचे कपचे, वाऱ्यावर उडणाऱ्या बिया अडकवते. असा एक लांबट, अस्ताव्यस्त झुबका तयार झाला की ती त्याच्या मधोमध शिरते आणि अंगानं ढकलून पोकळी करते. बाजूला दार ठेवते. दाराच्या वर पुढे आलेला छज्जा विणते. शेवटी आत मऊ अस्तर येतं, आणि त्यासाठी तिला रुईच्या बोंडातला कापूस फार आवडतो. बाहेरून मात्र ती मुद्दाम कळकट राहू देते. अळ्यांची विष्ठा, दगडफूल, करपलेली फुलं असं काहीबाही चिकटवते. खाली एक शेपूट लोंबतं राहतं. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, की कुणीतरी झाडून टाकायचं विसरलेला कचरा आहे. तिची सुरक्षा याच विसराळूपणावर उभी आहे.

लांब चोचीचा शिंजीर तर कधी याहून सोपी युक्ती करतो. एकत्र राहणाऱ्या सामाजिक कोळ्यांनी झुडपावर विणलेला जाडजूड गोळा मिळाला, की त्यालाच आतून पोखरून तो घर करतो. तयार भिंती, फक्त दार पाडायचं.

अंडी बहुधा दोन. फिकट हिरवट, जाड टोकाकडे ठिपके असलेली. ती १४ ते १६ दिवस उबवली जातात आणि पुढे साधारण १७ दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. त्यानंतरही बाप काही दिवस त्यांना भरवतो. म्हणजे पहिलं अंडं पडल्यापासून घरटं रिकामं होईपर्यंत हिशेब महिन्याभराचा. त्याआधी बांधणीचे दिवस. जांभळ्या पाठीच्या शिंजिराची वीण जवळपास वर्षभर कधीही होऊ शकते. जांभळा शिंजीर मुख्यतः मार्च ते मे, म्हणजे आंब्याच्या हंगामात घरट्याला लागतो. जुनं घरटं ठीकठाक असलं तर कधी कधी तेच पुन्हा वापरलं जातं.

माणसाच्या वहिवाटीत का?

राजापूर शहर अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या काठी, खोलगट जागेत वसलेलं आहे. पाऊस लागून राहिला की जवाहर चौकात पाणी येतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पडणारा हा पाऊस सरळ पडत नाही. वारा असेल तेव्हा झड आडवी येते. म्हणून इथल्या माणसानं घराभोवती पडवी काढली, कौलांचा उतार भिंतीच्या खूप पुढे आणला आणि आगोटीच्या कामांत झापांचे आडोसे बांधायची रीत ठेवली. पावसात चार महिने माणूस पडवीतच अर्धा संसार करतो. तिथेच लाकडं रचलेली, तिथेच कपडे वाळत, तिथेच सुपाऱ्या सोलायच्या, आल्यागेल्याशी बोलायचं. ज्या गरजेतून माणसानं पडवी काढली त्याच गरजेतून शिंजीर पडवीत येतो. त्यालाही कोरडं, वाऱ्यापासून थोडं आत आणि तरी उघडं असं ठिकाण हवं असतं.

दुसरं कारण शत्रूंचं. कावळा, भारद्वाज, सरडा, धामण आणि मांजर ही घरट्याची खरी भीती. भारद्वाज आपल्याकडे शकुनाचा मानला जातो, पण झुडपाझुडपांत शिरून दुसऱ्यांची अंडी-पिल्लं खाणारा तो पट्टीचा लुटारू आहे. माणसाची सतत ये-जा असलेल्या जागी यातले बरेचसे शत्रू बिचकतात. लोंबत्या वायरीवर सापाला उतरणं अवघड आणि मांजराला झेप घेणं अवघड. त्यामुळे घरातल्या सर्वांत गजबजलेल्या वाटेवर, उंच माणसाचं डोकं आपटेल अशा जागी पक्षी घरटं करतो, तेव्हा तो चुकलेला नसतो. त्यानं आपल्या वर्दळीचाच पहारा लावलेला असतो.

धोपेश्वरच्या बाजूला एका जुन्या घराच्या पडवीत असंच एक घरटं होतं. न्हाणीकडे जायच्या वाटेवर, कपड्यांच्या दोरीच्या टोकाला. दोरीवरचे कपडे दुसरीकडे हलवलेले होते. घरातली सून हिराची केरसुणी बांबूला बांधून आढ्याकडे वळली, तशी आतून आजींची हाक आली, "राहू दे गो, गणपतीच्या आधी उडतील ती." पक्षिशास्त्रातला विणीचा काळ आणि आजींचं पंचांग इतकं नेमकं जुळलेलं असतं. कुठलंही पुस्तक न वाचता घराघरांत ही शिस्त पाळली गेली, म्हणून हा पक्षी पडवीतला झाला.

घर बदललं तेव्हा

जुन्या घराची चिऱ्याची भिंत बहुतेक वेळा आतून लिंपलेली आणि बाहेरून उघडी असायची. जांभ्याच्या भोकाभोकांत, चिऱ्यांच्या सांध्यांत कोळी, किडे आणि शेवाळ यांची वस्ती असे. कौलांखालच्या रिपा आणि वासे म्हणजे कोळ्यांचं गाव. आता भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि त्यावर चकचकीत रंग येतो. गुळगुळीत भिंतीवर कोळ्याला पाय रोवायला जागा नाही आणि जाळं दिसलं तर ते गचाळपणाचं लक्षण ठरतं. छज्जा दीड-दोन फुटांवर येऊन थांबतो. पडवीच्या जागी सरकत्या काचेची बंद ओटी येते. खळ्यात शेणाच्या जागी पेव्हर ब्लॉक बसतात, आणि कुंपणाच्या एरंड-निरगुडीच्या जागी भिंत.

स्लॅबच्या घरात राहणं सोपं आहे. गळत नाही, कौलं परतावी लागत नाहीत, वानरांनी कौलं फोडायची भीती नाही. ज्यांनी आयुष्यभर आगोटीला कौलं परतली त्यांना पुन्हा कौलारू घराकडे चला असं सांगणं हा शहाजोगपणा होईल. शिंजिराचंही तसं म्हणणं नाही. पोर्चमधल्या टांगत्या दिव्याची साखळी, जिन्याखालची वायर, गॅलरीतली टांगती कुंडी हे सगळं त्याला वाशाइतकंच पसंत असतं. अडचण स्लॅबची नाही. अडचण आहे ती जाळ्यांच्या, झुडपांच्या आणि किड्यांच्या दुष्काळाची. पिल्लं मधावर वाढत नाहीत. त्यांना मऊ अळ्या, कोळी, बारीक किडे लागतात. ज्या घरात कोळी नाही तिथे घरट्याला धागा नाही आणि पिल्लाला घासही नाही.

बागेत आणखी एक गोष्ट घडते. हापूसच्या मोहोराला तुडतुडे आणि फुलकिडे यांच्यासाठी फवारणी करावी लागते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक बागायतदाराला पाठ असतं, आणि ज्याचं वर्षाचं उत्पन्न दोन महिन्यांच्या फळावर आहे त्याला फवारू नको म्हणणं शक्य नाही. पण घराला लागून असलेली परसातली दोन-चार झाडं, कुंपणावरची वेल आणि फुलझाडं या फवाऱ्यातून वगळता येतात. नळी तिकडे वळलीच पाहिजे असं नाही.

आणि मग गणपती. मुंबईहून चाकरमानी येतो तेव्हा बंद घराला चार-सहा महिन्यांची जळमटं लागलेली असतात. हातात दोन-तीन दिवस, पाहुणे येणार, मखर उभं करायचं. बांबूला केरसुणी बांधली जाते आणि आढ्यापासून पडवीपर्यंत सगळं एका दमात झाडून निघतं. ऑगस्ट-सप्टेंबरातल्या या झाडलोटीत जाळी जातात आणि कचऱ्यासारखी दिसणारी पिशवीही जाते. तिचा कळकटपणा कावळ्याला फसवण्यासाठी होता, फसतो तो झाडणारा माणूस. दिवाळीआधीची साफसफाई हा त्याचाच दुसरा अंक. वाईट हेतू कुणाचाच नसतो. घाईत वर बघायला वेळ नसतो इतकंच.

कायद्यानं पाहिलं तर ही हयगय किरकोळ नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत रानपक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरटी विस्कटणं यांचाही समावेश आहे. पण पडवीतल्या वायरीवर पोलीस कुणी नेमणार नाही. तिथे आजींची हाकच कामी येते.

खोका कुणाला, वायर कुणाला

पक्ष्यांसाठी काही करायचं म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा लाकडी खोका आठवतो. त्याचं श्रेय चिमणीला. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकारानं २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस साजरा होऊ लागला आणि चिमण्यांची खोकी गावोगाव पोहोचली. चिमणी, दयाळ, साळुंकी हे पोकळीत घरटं करणारे पक्षी. त्यांना खोका, भिंतीतलं भोक, फुटकं मडकं चालतं. बुलबुल उघडी वाटी करतो, त्याला टांगत्या कुंडीतलं रोप किंवा ट्यूबलाइटची पट्टी पुरते. शिंपी पानं शिवतो, त्याला रुंद आणि जिवंत पानं हवीत. शिंजीर लोंबती पिशवी विणतो. त्याला खोका देणं म्हणजे पोहणाऱ्याला शिडी देणं. बाजारात मिळणारी सुंभाची गोल घरटी मुनियांना किंवा चिमण्यांना आवडू शकतात, शिंजीर मात्र आपलं आपणच विणतो.

हमिंगबर्डचा खरा नातलग आपल्याकडे कोण, हेही इथेच सांगायला हवं. तो शिंजीर नव्हे, पाकोळी. जुन्या देवळांच्या सभामंडपात, पुलांच्या कमानींखाली, किल्ल्यांच्या दरवाजांत थव्यानं घोंगावणाऱ्या घरपाकोळ्या आणि हमिंगबर्ड एकाच गणात मोडतात. दोघांचेही पाय इतके तोकडे की जमिनीवर धड चालता येत नाही. पाकोळी धाग्याऐवजी स्वतःची लाळ वापरते. हवेत पकडलेली पिसं आणि काड्या लाळेनं चिकटवून ती छताला घर करते. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या खडकाळ बेटांवरच्या गुहेत हिच्या एका जातीची मोठी वसाहत आहे. त्या घरट्यांना परदेशात सुपासाठी मोल येतं, म्हणून या शतकाच्या सुरुवातीला तिथे घरट्यांची चोरटी काढणी उघडकीला आली. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि वनखातं यांनी तिथे राखण उभी केली. कोकणात घरट्याची किंमत पैशात मोजली गेली ती अशी. शिंजिराच्या घरट्याला बाजारभाव नाही, त्याचा धोका आपल्या टापटिपीतून येतो.

पाकोळीसाठी करायचं ते वेगळं आहे. देवळाचा जीर्णोद्धार करताना किंवा जुनी इमारत रंगवताना घरटी भरलेली असतील तर ते काम पिल्लं उडेपर्यंत पुढे ढकलायचं. सलीम अली १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींच्या घरट्यांजवळ ठाण मांडून बसले, तेव्हा त्यांनी केलेली गोष्ट मुळात हीच होती. आधी बघायचं, मग ठरवायचं.

करायचं काय

सुरुवात जाळ्यांपासून. घर आतून हवं तितकं झाडा, पण पडवीचा, पोर्चचा किंवा गोठ्याचा एक बाहेरचा कोपरा वर्षभर तसाच ठेवा. तिथली जळमटं ही शिंजिराची सूतगिरणी. बाहेर झाडायच्या आधी लोंबणारी प्रत्येक गोष्ट खालून नीट बघा. बाजूला दार आणि वर छज्जा असेल तर तो कचरा नाही.

टांगण्याची सोय अगदी साधी. छपराच्या कडेपासून हातभर आत, झड पोहोचणार नाही आणि दुपारचं ऊन थेट लागणार नाही अशा जागी सुंभाची किंवा खरखरीत दोरीची टोकं सोडा. उंची माणसाच्या डोक्याच्या थोडी वर. नायलॉनची गुळगुळीत दोरी टाळा, तिच्यावर धागा घसरतो. आसपास मांजराला उडी मारायला कट्टा किंवा रचलेली लाकडं नकोत. टोक सोडलं म्हणजे पक्षी येईलच असं नाही. दोन-तीन वर्षं कुणी फिरकणार नाही आणि मग अचानक तो दोरी सोडून शेजारच्या वायरीलाच पसंत करेल. तो त्याचा हक्क आहे.

फुलं परसात ठेवा. देशी जास्वंद, केळ, कर्दळ, शेवगा यांतला कुणी ना कुणी वर्षभर फुललेला असतो. रानात पांगारा, काटेसावर, पळस आणि घाटाच्या अंगाला धायटी उन्हाळ्याकडे मधाची सोय करतात. अनेक पाकळ्यांची शोभेची जास्वंद दिसायला भरगच्च असली तरी साधी पाच पाकळ्यांची पक्ष्याला सोयीची. बांडगुळाचीही एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आंब्यावरचं बांडगूळ बागायतदाराला डोकेदुखी, पण त्याची मिटलेली कळी शिंजिरानं चोचीत हलकेच दाबली की फट्कन उघडते आणि पराग त्याच्या डोक्यावर उडतात. सलीम अलींनी फुलं आणि पक्षी यांच्या या देवाणघेवाणीवर गेल्या शतकाच्या तिशीच्या दशकात सविस्तर लिहिलं आहे. फळं मात्र फुलटोचा खातो आणि चिकट बी दुसऱ्या फांदीवर पुसून नवं बांडगूळ लावतो. बागेतलं काढा, पण बांधावरच्या एखाद्या रानझाडावरचं राहिलं तर बिघडत नाही.

रुईचं झुडूप रस्त्याकडेला उगवलं तर उपटायची घाई नको. मारुतीला पानांची माळ आणि शिंजिराला कापूस, दोन्ही त्यातून निघतं.

साखरपाण्याची आपल्याकडे गरज नाही. अमेरिकेत हमिंगबर्डसाठी एक भाग साखर आणि चार भाग पाणी असं द्रावण ठेवतात. त्यात रंग घालत नाहीत, आणि दर काही दिवसांनी भांडं धुऊन बदलतात, कारण आंबलेलं पाणी पक्ष्याला घातक ठरतं. कोकणच्या दमट हवेत ते आणखी लवकर आंबेल. जास्वंदीच्या झाडाला धुवावं लागत नाही. पाणी मात्र ठेवा. पसरट भांड्यात अगदी उथळ.

घरटं झालंच, तर महिनाभर काही पथ्यं पाळा. घरटं हलवू नका, 'थोडं बाजूला' सुद्धा नाही. मादीला ती जागा पाठ असते, वस्तू नव्हे. होल्डरजवळ असेल तर तो दिवा बंद ठेवा, शेजारच्या खोलीच्या उजेडात काम भागतं. गाडी पोर्चमध्ये उभी असेल तर तिच्या आरशांवर कापड बांधा. विणीच्या दिवसांत नर आरशातल्या स्वतःलाच प्रतिस्पर्धी समजून तासन्‌तास टोचत बसतो आणि दमतो. आत वाकून फोटो काढू नका. घरट्याचे फोटो नकोत असा नियम अनेक पक्षिनिरीक्षक गटांनी केला आहे, तो त्याचसाठी. पुन्हा पुन्हा माणूस जवळ गेला की आई अंडी टाकून जाऊ शकते, आणि आपण कावळ्याला वाट दाखवतो ते वेगळंच. पिल्लू खाली पडलं तर उचलून सरळ आत ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूत खोटी आहे. पिशवीच तुटून पडली तर छोट्या टोपलीत ठेवून त्याच जागी टांगा आणि लांबून बघा. मांजर घरचं असेल तर शेवटचे चार-पाच दिवस, पिल्लं उडायच्या वेळी, त्याला आत ठेवा.

पिल्लं उडाल्यावर पिशवी लगेच काढू नका. दुसरी वीण तिथेच होऊ शकते, आणि नाही झाली तरी नव्या घरट्यासाठी तिच्यातले धागे उपयोगी पडतात.

नवं घर बांधणाऱ्यांसाठी एक गोष्ट. नकाशा काढताना छज्जा तीन-चार फूट पुढे काढायला सांगा आणि एका बाजूला तरी उघडी पडवी ठेवा. कोकणात आता निवास-न्याहारीची घरं उभी राहतायत, पाहुण्यांना 'अस्सल कोकणी घर' दाखवायचं म्हणून चिऱ्याला पॉलिश होतंय. त्या पडवीत घरटं असेल तर ते पाहुण्याला लांबून दाखवायला पैसे पडत नाहीत. शाळांतही हे करता येईल. व्हरांड्यातलं घरटं सापडलं की अंडी कधी दिसली, पिल्लं कधी उडाली, घरटं कशाला बांधलं होतं एवढं पोरांनी वहीत लिहायचं. विडालची यादी दीडशे वर्षं जुनी झाली. तालुक्यातल्या शाळांनी पाच-सहा वर्षं अशी नोंद ठेवली तर कुठल्या गावात हा पक्षी कुठल्या महिन्यात घर करतो, हे आपल्याला आपल्याच माहितीवरून सांगता येईल.

आणि चाकरमान्यांसाठी शेवटची सूचना. गावी निघायच्या आधी शेजाऱ्याला फोन होतोच, वीज आहे का, विहिरीचं पाणी कसं आहे, वाट साफ आहे का म्हणून. त्यात एक प्रश्न वाढवा, पडवीत कुणी बिऱ्हाड केलंय का. केलं असेल तर मखर पडवीच्या दुसऱ्या अंगाला लावा, आणि तो एक कोपरा पुढच्या साफसफाईवर सोडा.